बुवांनी मोकळी सोडलेली जागा

मी नागपूरहून निघाले तेव्हा घरापासून विमानतळापर्यंत बाबा एकसारखे बोलत होते. ‘पासपोर्ट घेतलास ना? जॅकेट वरच ठेव. पोचली की फोन कर.’ आईनं हातावर दही ठेवलं तेव्हासुद्धा ते विमानातल्या जेवणावर बोलत होते. मला हायसंच वाटलं. ते क्षणभर जरी थांबले असते तरी मी रडले असते आणि माझं जाणं राहिलं असतं.

लंडनमध्ये इल्फर्डला मला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. खालच्या खोलीत एक म्हातारे रशियन संगीतकार राहत. त्यांचं लांबलचक नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्यांना बुवा म्हणू लागले. आमच्याकडे गाणाऱ्या मोठ्या माणसाला असं म्हणतात, हे सांगितल्यावर ते खूश झाले. मॉस्कोत त्यांनी उभं आयुष्य सिनेमांना संगीत देण्यात घालवलं होतं. मग देश मोडला, स्टुडिओ बंद पडला, आणि ते लेकीच्या मागोमाग लंडनला आले. लेक पुढे नोकरीसाठी मँचेस्टरला गेली. बुवा इथेच राहिले, लहान मुलींच्या बॅले क्लासला पियानो वाजवत. मीही दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करून लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून गर्दीच्या ट्रेननं उभ्यानं आलेली असायची. केटल उकळेपर्यंत आम्ही दोघंही बोलत नसू. दमलेल्या माणसांचं एकमेकांशी लवकर जमतं.

मग एका हिवाळ्यात मॉस्कोहून फोन आला. बुवांचा जुना असिस्टंट आता डायरेक्टर झाला होता. गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाच्या सिनेमाला त्याला त्यांचंच संगीत हवं होतं. बुवांचे हात तोवर थरथरायला लागले होते. ‘हा शेवटचा,’ ते म्हणाले. ‘पडद्यावर नाव एकदा परत दिसू दे. मुलगी मला हल्ली क्लासचा पियानोवालाच समजते.’

हिवाळाभर ते सिनेमाची कच्ची प्रत लावून, हातात स्टॉपवॉच घेऊन टीव्हीसमोर बसले. चित्र जिथे संपेल तिथेच सूर संपवायचा, असं ते काम. एका रविवारी त्यांनी मला निरोपाचा सीन दाखवला. सगळं कुटुंब सामानावर गप्प बसतं. रशियात लांबच्या प्रवासाला निघताना असं बसतात, जाणारेही आणि राहणारेही. तिथे बुवांनी काहीच वाजवलं नव्हतं. ‘आधीचं सगळं इथे पोचण्यासाठीच लिहिलंय,’ ते म्हणाले. ‘माझ्या कामातली सगळ्यात चांगली जागा हीच.’

सिनेमाची डीव्हीडी आली त्या दिवशी लेक मँचेस्टरहून आली. मी साबुदाण्याची खिचडी केली, बुवांनी टाय लावला. पडद्यावर नाव आलं तेव्हा लेकीनं त्यांचा हात धरला. मग निरोपाचा सीन आला, सगळे सामानावर टेकले, आणि व्हायोलिनं सुरू झाली. गोड, भरघोस, थांबायचं नावच नाही. डायरेक्टरनं मोकळी जागा भरून टाकली होती. मला इतका राग आला की मी उठून किचनमध्ये गेले.

बुवा शेवटपर्यंत बसले. लेकीला ‘छान झालंय’ म्हणाले. मग बशी ठेवायला आत आले आणि हळूच म्हणाले, ‘घाबरला बिचारा. त्या शांततेत कोणीतरी रडलं असतं.’ त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.

भांडी विसळताना मला बाबा आठवले. फोनवरही ते माझ्या कॉलिंग कार्डातले पैसे संपेपर्यंत बोलत सुटायचे. ऊन, गॅस सिलिंडर, शेजाऱ्यांची नवी गाडी. मी वैतागायचे. ते घाबरलेले असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे माझं काम लंडनच्या दुसऱ्या टोकाला, हाउन्सलोला गेलं. मी खोली सोडताना घाई करत होते, तर बुवांनी खांद्याला धरून मला बॅगेवर बसवलं आणि स्वतः दुसऱ्या बॅगेवर टेकले. बाहेर मिनीकॅबवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही उठलो नाही. नागपूर सोडताना राहिलेलं रडणं मी तिथे रडले.

आता बुवा नाहीत. तिकडे भारतात राहिलेले मित्रमैत्रिणी विचारतात, परत कधी येणार. माझ्यासारखे इथे आलेले विचारत नाहीत. खरं सांगायचं तर मला आता दोन्हीकडे थकायला होतं. पण नागपूरहून निघताना दर वेळी मी बाबांना ओढून माझ्या शेजारी बॅगेवर बसवते. आईही पलीकडे टेकते. बाबांना फार वेळ जमत नाही. ते ‘पासपोर्ट घेतलास ना?’ म्हणेपर्यंत जो काही वेळ मिळतो, तेवढंच आता माझं घर.