जिनेतच्या रेकॉर्डी आणि आमची अठरा कडवी

आखातात नोकरीला निघाले तेव्हा इचलकरंजीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आमचं अख्खं कलापथक आलं होतं. अख्खं म्हणजे सातजण. आईने वाटेच्या चपात्या जुन्या पत्रकांत बांधल्या होत्या, कारण आमच्या घरात दुसरा कागदच नसायचा. आप्पा यंत्रमागावर कामाला, कलापथकात डफावर, आणि उरलेला वेळ पत्रकं लिहिण्यात. बाराखडी येण्याआधी मला ‘जाहीर सभा’ वाचता यायचं.

तानूमावशीने मला बाजूला ओढलं. तिने जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या आणि तिच्याच गळ्यावर आमचं पथक उभं होतं. “तिकडं गाण्याला बंदी हाय म्हंत्यात, खरं काय गं?”

“मी गाणार कुठं मावशी? नर्स म्हणून चाललेय.”

“मग गळा काय कपाटात ठेवून जातीस व्हय?”

सगळे हसले. गाडी हलली. मुंबईच्या विमानतळावर मी चपात्यांभोवतीची पत्रकं काढून कचऱ्यात टाकली. तिकडच्या तपासणीत सापडली तर, ही भीती. कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा पत्रक टाकून दिलं ते मीच, आपणहून.

तुम्ही जे मागे राहिलात आणि माझ्यासारखे जे निघून आलात, त्या दोघांना मला एका हेव्याविषयी सांगायचं आहे. पगाराचा, घराचा, गाडीचा हेवा मला कळतो आणि त्याची मला लाजही वाटते. हा हेवा निराळा होता. हा मला माझ्याच चुकीपर्यंत घेऊन गेला.

दम्मामच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या नर्सेसना शिकवायला जिनेत होती. वय साठीपुढचं, कॅनडातल्या क्वेबेकची, मातृभाषा फ्रेंच. आमच्या हॉस्टेलच्या खालच्या मजल्यावर राहायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मला गाडीत घालून समुद्राच्या कडेने शेजारच्या खोबर शहरापर्यंत न्यायची आणि गाडीत तिच्या तरुणपणीची गाणी लावायची. बासरी, इलेक्ट्रिक ऑर्गन, मग अचानक गावच्या जत्रेतलं वाटावं असं फिडल, म्हणजे त्यांच्या लोकगीतांतलं व्हायोलिन, त्यात चमच्यांची टकटक आणि बसल्या बसल्या जमिनीवर दोन्ही पायांनी धरलेला ठेका. एकेक गाणं रेकॉर्डची आख्खी बाजू व्यापायचं.

ती सांगायची, तिचे वडील कागदाच्या गिरणीत होते. मुकादम इंग्रजीत ओरडायचा, कामगार फ्रेंचमध्ये शिव्या घालायचे. शाळेत बाई म्हणायच्या, तुमचं हे रस्त्यावरचं फ्रेंच तोंडातून काढा. आणि मग सत्तरच्या दशकात लांब केसांची पोरं आली आणि त्याच रस्त्यावरच्या भाषेत, गिटारी आणि सिंथेसायझर घेऊन, गायला लागली. आजोबांची गाणी, ज्यात एक म्हणतो आणि बाकीचे उत्तर देतात, तीही त्यांनी त्या लांबलचक रचनांत ओढून घेतली. उन्हाळ्यातल्या त्यांच्या सणाला शहरातल्या टेकडीवर एवढी गर्दी जमली की जिनेतला स्टेज दिसलंच नाही. “पण गरजच नव्हती,” ती म्हणाली. “माझ्या शेजारची म्हातारीही शब्द न् शब्द म्हणत होती.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्या म्हातारीचाही हेवा वाटला.

पुढे क्वेबेकने कॅनडापासून स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान झालं. जिनेतची बाजू हरली आणि तिच्या मते त्यानंतर त्या संगीतातला जीवच गेला. बँड फुटले, लोक नोकऱ्यांना लागले. हे सांगताना तिने गाण्याचा आवाज कमी केला. मला मात्र वाईट वाटायच्या ऐवजी राग आला. यांचा पराभवसुद्धा दोन बाजूंची रेकॉर्ड होऊन कपाटात उभा आहे. तिच्या मुली फोनवर तिच्याशी बोलताना मध्येच त्यातली ओळ गुणगुणतात. आमच्या यंत्रमाग कामगारांच्या संपाचं गाणं अठरा कडव्यांचं होतं. चौकात सुरू झालं की कारखान्याच्या फाटकापर्यंत पुरायचं. ते कुठे आहे?

एका दुपारी जिनेतने गाणं बंद केलं. “आता तुझं म्हण. किती दिवस माझंच ऐकतेयस.”

मी सुरू केलं. तिसऱ्या कडव्यानंतर थांबले. पुढचं येईना.

“रेकॉर्डिंग असेल ना? नीट ऐक आणि पुढच्या वेळी म्हण.”

“नाही. आम्ही करू दिलं नाही. तत्त्व होतं.”

“कुणाचं?”

“माझं.”

ते खरं होतं. मी वीस वर्षांची असताना कोल्हापूरच्या एका स्टुडिओवाल्याने फुकट ध्वनिमुद्रण करून देतो म्हटलं होतं. मी रात्रंदिवस खपून पत्रक लिहिलं: गाणं डबीत बंद होणार नाही. गाणं रस्त्याचं, बाजाराचं नाही. डबीतलं गाणं ऐकून माणूस घरी बसतो. वाक्यं चांगली होती. सभेत ठराव एकमताने मंजूर झाला. आप्पांनी ते पत्रक खिळ्याला लावून ठेवलं. आणि जिच्या गळ्यात ती अठरा कडवी होती, त्या तानूमावशीला कुणी विचारलंच नाही. ती म्हणाली, “पोरीनं लिवलंय म्हंजे बरुबरच आसंल.”

आता दर फोनला तिचा दम आधीपेक्षा लवकर संपत होता. सुताच्या तुसाने भरलेली छाती काय असते ते मला कामामुळे कळतं. फार वेळ नव्हता.

मी आप्पांना फोन केला. म्हटलं, माझं चुकलं, मावशीचं गाणं मोबाइलवर घ्या, आजच.

“ठराव झालाय,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, मीच लिहिलं होतं ते!”

“म्हणूनच. ठराव मोडायचा तर ठरावानंच. सभा घ्यावी लागंल, पत्रक काढावं लागंल. फोनवर न्हाई जमायचं.”

मी चिडले, फोन आपटला. मग कळलं, हे सगळं त्यांना मीच तर पटवलं होतं. त्या आठवड्यात ड्यूटी संपल्यावर मी स्वतःच्याच विरोधात पत्रक लिहिलं. जुनं वाक्य घ्यायचं आणि खाली उत्तर द्यायचं. त्यात जिनेतच्या शेजारची ती म्हातारी आली, टेकडी आली. डबीतलं गाणं ऐकून माणूस घरी बसतो, हे खोटं आहे, असं लिहिलं. डबी नसली तर मात्र घरापासून दूर गेलेल्याला बसायला घरच उरत नाही.

सभा तानूमावशीच्या पडवीत झाली. मी फोनवर होते. पत्रक वाचलं गेलं. बाजूने सहा, विरोधात एक. विरोधातलं मत आप्पांचं.

“का हो आप्पा?”

“पहिलं पत्रक जास्त चांगलं होतं,” ते म्हणाले. “पण ठराव तो ठराव. डफ तापवायला घेतो.”

मावशी तेव्हाच मोबाइलसमोर गायली. अकरा कडवी. बारावं तिने दोनदा उचललं आणि दोनदा सोडलं. पुढचं तिला आठवेना, आणि बाकीच्यांना फक्त ध्रुवपद यायचं. कुणी थांबलं नाही. उरलेल्या सात कडव्यांच्या जागी आप्पांनी कडव्याएवढा नुसता डफ वाजवला, आणि प्रत्येकदा सगळ्यांनी ध्रुवपद धरलं. मग पुन्हा नुसता डफ.

ते गाणं जिनेतच्या गाडीत लावलं. शेवटपर्यंत तिचा पाय ठेक्यावर हलत होता. तिच्या रेकॉर्डींवर एकही जागा रिकामी नाही आणि तिचा मला आजही हेवा वाटतो. पण घर कुठे असं कुणी विचारलं, तर इचलकरंजी हे उत्तर आता मला अपुरं वाटतं. माझं घर बाराव्या कडव्यापासून सुरू होतं. तिथे डफ वाजतो आहे, शब्द नाहीत, आणि ते कुणामुळे नाहीत हे मला माहीत आहे.