गाडीतली मांडी

माझ्या सासूबाईंच्या मते जगातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे त्यांची मांडी. माझा नवरा तिथेच बसून मोठा झाला, नणंदही झाली. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा माझी तीन वर्षांची मुलगीही तिथेच बसणार हे ठरलेलं होतं. घरात खुशाल बसू दे. माझं भांडण गाडीतल्या मांडीशी होतं.

इथे जपानमध्ये, फुनाबोरीत, आमची स्वतःची गाडी नाही. लागेल तेव्हा भाड्याने घेतो आणि चाइल्ड सीटही सोबत मागतो. त्या रविवारी चिबाला स्ट्रॉबेरीच्या मळ्यात जायचं होतं, तेही हायवेने. इथे सहा वर्षांखालच्या मुलाला सीटशिवाय नेत नाहीत, हे मी आईंना आधीच सांगून ठेवलं.

"मग स्टेशनवरून टॅक्सीने आलो तेव्हा ही माझ्या मांडीवरच होती ना? त्या ड्रायव्हरने चकार शब्द काढला नाही."

टॅक्सीला सूट आहे, हे सांगून सांगून मी थकले. ती सूट कायदा देतो, अपघात देत नाही!

"बरं, पट्टा दोघींवरून घेते. मग तर झालं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका पट्ट्यात दोघी म्हणजे धक्का बसला की आजीचा सगळा भार नातीवर. नवरा मात्र फोनमध्ये डोकं खुपसून बसला होता.

शनिवारी गाडी ताब्यात घेतली आणि मुलीला शेजारणीकडे ठेवून आम्ही तिघं किराणा आणायला गेलो. येताना आईंनी तांदळाची दहा किलोची पिशवी मांडीवर घेतली. अन्न पायाशी ठेवायचं नाही ना! गल्लीतून अचानक एक सायकलवाला आडवा आला. नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. कोणाला काही लागलं नाही, पण पिशवी पुढच्या सीटवर आदळून खाली पडली.

"बघितलंत आई? दोन्ही हातांनी धरली होतीत ना?"

पिशवीला पाय लागला म्हणून त्यांनी आधी तिला नमस्कार केला. मग म्हणाल्या, "अगं, तांदूळ होते ते. नातीला कोणी असं सोडतं का?"

नवरा खुदकन हसला. मला रडूच यायचं बाकी होतं.

"आई, ब्रेकला माया कळत नाही," मी म्हटलं.

रविवारी गाडी निघाली आणि मुलीने सीटमध्ये भोकाड पसरलं. "आज्जी, दाक्को! दाक्को!" इथली मुलं उचलून घ्यायला असंच म्हणतात, आणि हा एक जपानी शब्द आईंनाही पाठ झाला होता. शेजारी बसलेल्या आईंचे हात अर्धे वर आले. मग त्यांनी ते हात रिकाम्या मांडीवर आणले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"रड हो बाळा, रड," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचं राज्य आहे."

चिबा येईपर्यंत त्यांनी ते हात सोडले नाहीत.