न दिल्यास काय होतं?

साबळेताई कुठलंही वाक्य आधी मोठ्यानं वाचत. मग त्या वाक्याकडे अशा संशयानं बघत, जणू भाजीवाल्यानं वजनात मारलंय. त्यांची माझी पहिली भेट झाली ती अशाच एका वाक्यावरून, आणि ते वाक्य माझं होतं.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी तिथं नोकरी मागायला गेलो तेव्हा माझ्याजवळ मराठीतली एम.ए.ची पदवी, स्वखर्चानं छापलेला एक कवितासंग्रह आणि त्या संग्रहाच्या उरलेल्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच प्रती होत्या. जाहिरातीत 'तांत्रिक लेखक पाहिजे' असं छापलं होतं. मी त्यातला 'लेखक' तेवढा वाचला होता.

ताईंनी मला एका जुनाट कॉम्प्युटरसमोर बसवलं. काळ्या पडद्यावर त्यांनी एक आज्ञा टाइप केली, तिच्यामागे 'स्क्रीन' असा शब्द आणि पुढं दोन आकडे. एंटर दाबल्यावर पडदा उजळला, खिडकी उघडली, माऊसचा बाण आला.

"त्या शेवटच्या शब्दानं आन आकड्यांनी काय झालं, ते एका ओळीत लिवा," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची पुढं ओढली, डोळे क्षणभर मिटले आणि लिहिलं, 'प्रस्तुत पर्यायाच्या योजनेद्वारे वापरकर्त्यास आपल्या दृश्यपटलाचे इच्छित परिमाण साकार करता येते.'

ताईंनी ते मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदाही वाचलं. मला वाटलं, आवडलं.

"अविनाशराव, आमच्या सणसरच्या शाळेतला गुरुजी हे वाचत बसला तर तास संपंल, पोरं घरी जात्याल, पण पडदा काय लागायचा न्हाय." आणि त्यांनी माझी ओळ खोडून तिथं लिहिलं, 'पडदा किती रुंद आणि किती उंच ते सांगतो.' मग माझ्याकडे वळून विचारलं, "आन न दिल्यास काय होतं?"

"काय न दिल्यास?"

"हा पर्याय. कुणी दिलाच न्हाय, तर काय होतं?"

मला तेव्हा एवढंच वाटलं, की हे उत्तर न दिल्यास नोकरी जाते. पण ती मिळाली, कारण दुसरा कुणी आलाच नव्हता.

आमचं काम सांगायला सोपं होतं. मोठ्या ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे, नीट करायचे आणि गावोगावच्या शाळांना, वाचनालयांना बसवून द्यायचे. नवे प्रोग्रॅम त्या म्हाताऱ्या यंत्रांना पेलत नसत. म्हणून ताईंनी एक अगदी हलका डिस्प्ले सर्व्हर शोधून काढला होता. पडद्यावर चित्र, खिडक्या आणि बाण दाखवणारा प्रोग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. तो सुरू करताना आज्ञेमागं पर्याय जोडता येत. पडदा उभा का आडवा, माऊसला बटणं दोन का तीन, काही काम नसेल तर पडदा किती वेळानं काळा करायचा, असे पुष्कळ. अडचण अशी, की हे पर्याय कुणी नीट लिहूनच ठेवले नव्हते. ज्यांनी प्रोग्रॅम बनवला ते परदेशातले लोक केव्हाच दुसऱ्या कामाला लागले होते. ताई एकेक पर्याय देऊन बघत, काढून बघत, आणि जे दिसेल ते मी मराठीत लिहायचं.

ताई मूळच्या पळसदेवच्या. आठवडाभर बारामतीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी भिगवणमार्गे गावी जायच्या. घराण्यातल्या पहिल्या इंजिनिअर. पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षं शिकवून कंटाळल्या आणि इकडं आल्या. सोमवारी येताना उजनी धरणातल्या चिलापी माशाचं कालवण डब्यात असे. मी त्याच्यावर पहिल्याच सोमवारी हात मारला आणि मग तो हक्कच समजलो.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र मी हट्टाला पेटलो होतो. माऊसच्या बाणाला मी 'दर्शक-शर' म्हणायचो. डिस्प्ले सर्व्हरला 'दृश्य-सेवक' असं नाव काढलं, तेव्हा तर दुपारभर स्वतःवरच खूश होतो. ताईंनी ते नाव वाचून विचारलं, "हा सेवक पगारी हाय का रोजंदारीवर?" मी भाषेच्या शुद्धतेवर बोललो. थोडं परंपरेवरही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या आज्यानं धर्म बदलला, अविनाशराव. तुमच्यानं एक शब्द बदलंना?"

मी शब्द बदलला.

पडदा फिरवण्याच्या पर्यायाची गोष्ट तर ऑफिसात पुढं कितीतरी दिवस चालली. सणसरच्या शाळेनं एक पडदा फळ्यासारखा उभा भिंतीला लावला होता. चित्रही तसंच उभं फिरवायला हवं. आकडा दिला की ते डावीकडं फिरतं की उजवीकडं, हे प्रत्यक्ष बघा, असं ताईंनी बजावलं होतं. मी बघितलं नाही. मी विचार केला. डोळे मिटून पडदा मनात फिरवला आणि 'डावीकडे' असं ठामपणे लिहिलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "साहेब, चित्र आलंय झ्याक, पण पोरं खाली डोकं वर पाय करून सुविचार वाचत्यात."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी ऑफिसातला मॉनिटर टेबलावर कडेवर उभा केला, मला त्याच्यासमोर मान वाकडी करून बसवलं आणि सगळे आकडे एकेक करून माझ्याकडून टाइप करून घेतले. संध्याकाळी घरी गेलो तर आईनं विचारलं, "मान का आखडली रे?" मी म्हणालो, "लेखन करत होतो."

असं करत करत सगळे पर्याय झाले, फक्त एक राहिला. तो दिला काय आणि न दिला काय, पडदा ढिम्म. ताईंनी प्रोग्रॅमचा मूळ कोड काढून वाचला. तो पर्याय कुठल्याशा जुन्या व्हिडिओ कार्डाला एक आकडा पाठवतो, एवढं कळलं. तसलं कार्ड आमच्यापैकी कुणी बघितलेलं नव्हतं. ज्यांनी प्रोग्रॅम बनवला त्यांना विचारलं, उत्तर आलं नाही. मी सुचवलं, "लिहू या, 'राखीव'. भारदस्त वाटतं."

"कुणासाठी राखीव?"

"ते कोण विचारतंय?"

"मी इचारतीय," ताई म्हणाल्या. "माहीत न्हाय तर माहीत न्हाय असं लिवा."

मी उभ्या आयुष्यात ते दोन शब्द कागदावर लिहिले नव्हते. एम.ए.च्या परीक्षेतसुद्धा नाही, आणि तिथं तर फार गरज होती. शेवटी ताईंनीच टाइप केलं, 'या पर्यायाने काय होते ते आम्हाला माहीत नाही.'

पुढं एक मोठं काम यायची वेळ आली. बऱ्याच शाळांना कॉम्प्युटर बसवायचे होते आणि पाहणीला एक साहेब यायचे होते. आमच्या मालकांनी जिना धुवून घेतला, मला इस्त्रीचा शर्ट घालायला सांगितलं. साहेब आले, यंत्रं बघितली, खूश झाले. मग त्यांनी आमची माहितीपुस्तिका चाळली आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? तुम्हालाच माहीत नाही?" ते हसले. मालकांचा चेहरा पडला.

माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी पुढं झालो. "सर, तो पर्याय प्रगत वापरासाठी आहे. त्यानं दृश्य-प्रवाहाचं अंतर्गत संतुलन साधलं जातं."

साहेबांनी मान डोलावली. मालकांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मलाही क्षणभर वाटलं, खरंच संतुलन साधलं जात असेल.

"सर," ताई शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी आत्ता जे सांगितलं, ते ह्यांनाबी माहीत न्हाय. ह्यांना आत्ता सुचलं. आमी सगळे पर्याय स्वतः करून बघितलेत, ह्या एकाचं आमाला कळलं न्हाय. ओळ हाय ती बरोबर हाय."

साहेबांनी चहा घेतला, आणि काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

मालक दुसऱ्या कामाला लागले. मी मात्र ताईंशी बोलणं बंद केलं. चारचौघांत माझी अब्रू गेली होती आणि ऑफिस बंद पडतं की काय, अशी भीतीही होती. मी डबा घेऊन खिडकीपाशी बसू लागलो. सोमवारी ताई येऊन माझ्या डब्याच्या झाकणात कालवण वाढून निघून जात. मी वर बघत नसे. बोलणं बंद होतं, खाणं नव्हतं.

अबोला मोडला तो सणसरच्या त्याच गुरुजींनी. ते आणखी दोन गावच्या मुख्याध्यापकांना घेऊन ऑफिसात आले. त्यांनाही आमचीच यंत्रं हवी होती. मी जरा तोऱ्यातच विचारलं, "आमच्या पुस्तिकेतलं काय आवडलं?" भाषेचं कौतुक होईल, असा अंदाज होता.

"ते 'माहीत नाही' लिवलंय की वो," गुरुजी म्हणाले. "जितं कळलं न्हाय तितं ह्यांनी तसंच लिवलंय, म्हंजे बाकीचं करून बघितलेलं आसणार. मग आमी डोळं झाकून सगळं तसंच केलं, आन चाललं."

पुस्तिकेत मी लिहिलेल्या एवढ्या ओळी होत्या आणि माणसाला पटली ती नेमकी मी न लिहिलेली. मी ताईंकडे बघितलं. त्या एका कॉम्प्युटरची धूळ झटकत होत्या, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

"ताई," मी म्हणालो, "पाव्हण्यांना चहा सांगू का?"

"सांगा की. आन साध्या मराठीत सांगा, न्हायतर चहावाला काढा आणून दील."

त्यानंतर आमचं कधी बिनसलं नाही. ऑफिस मोठं झालं नाही, पण बंदही पडलं नाही.

मग ताईंचं पोट दुखायला लागलं. बारामतीत तपासण्या झाल्या, पुण्याला पाठवलं. मुलगी दूर नोकरीला, तिला यायला वेळ लागणार होता, म्हणून मी बरोबर गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, उपचार सांगितले. ताईंनी सगळं ऐकून विचारलं, "न दिल्यास काय होतं?" डॉक्टर गडबडले, कारण असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. मी दुसरीकडं बघू लागलो. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं, काहीच केलं नाही तर काय होईल आणि केलं तर किती फरक पडेल. "नक्की किती, ते मला सांगता येणार नाही," असंही म्हणाले.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "डॉक्टर बरा हाय. ह्याचंच औषध घेऊ."

औषध घेतलं. ते काही दिवस चाललं. दिवाळीच्या आधी त्या पळसदेवच्या घरीच वारल्या. मुलगी आणि भाऊ जवळ होते. बुद्धवंदना म्हणताना मी नुसते ओठ हलवले.

पण मला त्या आठवतात त्या त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातल्या. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, एरवी बुडालेलं गावचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, चला, दाखवते. अंगात ताकद नव्हती, तरी काठी घेऊन निघाल्या. देवळाच्या अलीकडं, भेगाळलेल्या गाळात दगडांची एक ओळ दिसत होती. तिथं त्या थांबल्या.

"हितं आमचं घर हुतं. धरण झालं तवा मी ल्हान हुते. कुणी एक शिकलेला माणूस आला, आन आजीला म्हणाला, पाणी हितवर येत न्हाय, खात्रीनं सांगतो. इतकं सुंदर बोलला, की आजीनं त्याला भाकरी वाढली. घरातली ज्वारी हलवलीच न्हाय तिनं." काठीनं त्यांनी एक कोपरा दाखवला. "तितं कणग हुती. भिजून तट्ट फुगली. आजी पाण्यात उभी ऱ्हाऊन वंजळीनं ज्वारी काढत हुती. मला बरं बोलणाऱ्या माणसाचं तवापासनं भ्या वाटतं."

मला खूप काही बोलावंसं वाटलं. वाक्यं तयार होती, चांगली होती. मी ती गिळली आणि त्यांना आधार द्यायला पुढं झालो. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला होता. माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि मी इस्त्रीच्या पँटीसकट त्यांच्या जुन्या घराच्या उंबऱ्यात फतकल मारून बसलो.

ताई इतक्या हसल्या, की त्यांना काठीवर वाकावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी आपला काटकुळा हात माझ्यापुढं धरला.

"उठा, अविनाशराव. पाणी यायला अजून येळ हाय, पण उठा."

मी तो हात धरला आणि उठलो.