तेरा डिसेंबरचा शिरा

शेजारच्या इटालियन आजींशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही नेमकं त्यांच्या सणाच्या दिवशी.

इंग्लंडात बेडफर्डला आम्ही घर घेतलं तेव्हा भिंतीपलीकडे त्या एकट्याच राहत होत्या. नवरा सिसिलीहून इथल्या वीटभट्टीवर कामाला आला, मागोमाग या आल्या. पुढे नवरा गेला, मुलगा कॅनडात स्थायिक झाला. मी हॉस्पिटलमध्ये नर्स. जगभरच्या म्हाताऱ्यांचं करते, पण माझी आई साताऱ्यात गेली तेव्हा मी इथे वॉर्डात ड्युटीवर होते. त्यानंतर या आजींवर जरा जास्तच जीव जडला म्हणा ना.

तेरा डिसेंबरला त्यांची सांता लुचिया, डोळ्यांची राखण करणारी संत. त्या दिवशी पिठाचं काही खायचं नाही. ब्रेड नाही, पास्ता नाही. अख्खे गहू उकडायचे, त्यात मऊ रिकोटा चीज आणि साखर घालायची, तेवढंच. उपासाला तांदूळ चालत नाही पण वरीचा चालतो, अशा घरातली मी, मला कसलं नवल! पण आजींचा नुसता सण नव्हता, नवस होता. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या डोळ्यांत चुना गेला. डॉक्टरांनी हात टेकले होते. यांनी सांता लुचियाला सांगितलं, याची दृष्टी राहू दे, मरेपर्यंत तुझ्या दिवशी पिठाचा घास घेणार नाही. दृष्टी राहिली. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी तो दिवस पाळला. चर्चमधल्या त्यांच्या गावच्या बायका दरवर्षी गव्हाचा डबा पोचवायच्या आणि त्यातला वाटीभर माझ्याकडेही यायचा.

त्या शेवटच्या वर्षी काचबिंदूने आजींची स्वतःची नजर पार गेली होती. घराची एक किल्ली माझ्याकडे असायची.

त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. माझा उपास. वॉर्डातून लवकर सुटून आले, घट मांडला, कहाणी वाचली, नैवेद्याला साजूक तुपातला शिरा केला. चारलाच अंधारून आलं होतं. आजी दुपारी जेवल्याच नाहीत, असं त्यांचं करायला येणाऱ्या केअररने चिठ्ठीत लिहून ठेवलेलं, म्हणून वाटी घेऊन तशीच गेले. आमच्या देवीचा प्रसाद आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच तोंड उघडलं. मी चमच्याने भरवत गेले. वाटी रिकामी झाली तशी मी अगदी खूश. माझ्या गुरुवारचंच मला एवढं कौतुक, त्यांच्या तारखेची आठवण कुणाला!

मी त्यांचे ओठ पुसत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "सांता लुचिया उद्या ना गं?"

माझा हात तिथेच थांबला. रवा म्हणजे दळलेला गहूच की, पिठातच मोडणार. आणि तारीख? सकाळपासून प्रत्येक पेशंटच्या चार्टवर मी स्वतःच्या हाताने तेराच लिहीत होते. जळो माझं तोंड, मी म्हणाले, "हो, उद्या."

संध्याकाळी चर्चमधल्या बाई आल्या. आजींना दार उघडायला वेळ लागतो म्हणून डबा माझ्याकडेच देऊन गेल्या. तो मी फ्रिजमध्ये मागे ढकलला, चोरासारखा. चौदा तारखेला गरम करून घेऊन गेले. आजींनी कपाळाला-छातीला हात लावत क्रॉसची खूण केली, मनातल्या मनात प्रार्थना केली आणि चाचपत पहिला चमचा माझ्या तोंडात घातला.  मग मला फोन लावायला लावून मुलाशी बोलल्या. त्यांच्या बोलीतला 'डोळे' हा शब्द मला कळायचा. तो त्या बोलण्यात दोन-तीनदा आला.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. आमचे हे म्हणाले, अगं, संत काय एवढ्यावर रागावतात का? मी यांच्यावरच उखडले. संतांचं मला काय करायचंय, आजींना कळलं तर त्यांचं काय होईल ते बोला. सांगायचं धाडस झालं नाही ते नाहीच. फेब्रुवारीत आजी गेल्या.

मुलगा आला. साठीचा, टक्कल पडलेला. चर्चमध्ये उभा राहून त्याने बारीक अक्षरातला उतारा चष्म्याशिवाय घडाघडा वाचला. शब्द माझ्या कानावरून जात होते, मी नुसती त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. बाहेर आल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले.

"आईने फोनवर सांगितलं होतं," तो म्हणाला. "आता मला दिसत नाही, पण शेजारची मुलगी आहे, ती माझा नवस मोडू देणार नाही."

त्याचे डोळे भरून आले होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी मान खाली घातली आणि नुसतं हो म्हटलं.