जोतीराम आणि वाचणारं मशीन

जोतीरामला बिचारा म्हणायचं नाही. त्याच्यासमोर तर नाहीच, माझ्यासमोरही नाही. एकदा एसटीत एका बाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवत "बिचारं लेकरू" म्हटलं, तर हा म्हणतो, "मावशी, तुमची पिशवी माज्या पायावर हाय, ती उचला आदी." असा माणूस. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलायला लागला की समोरचा साहेब आहे का शिपाई, हे बघत नाही. बघू शकत नाही म्हणून नव्हे. त्याला फरकच पडत नाही.

मी धनलक्ष्मी. सोलापुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, डिजिटल विभागात कंत्राटावर आहे. विद्यापीठ कुठलं ते विचारू नका, मला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

जोतीराम मोडनिंबजवळच्या वस्तीवरचा. लहानपणी गोवर झाला आणि डोळे गेले. आई मथुराबाई शेतात राबणारी, पण पोराला घरी बसवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बार्शीला बी.ए. केलं आणि इतिहासात एम.ए. करायला तो आमच्याकडे आला. मोबाइल त्याला सगळं वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगानं की आपल्याला नुसती किरकिर ऐकू येते. इंग्रजी लेख तो असे फडशा पाडल्यासारखे संपवायचा.

पण त्याच्या अभ्यासाची अर्धी पुस्तकं मराठीत, जुनी, छापील. ती मोबाइलवर नाहीत, ब्रेलमध्ये तर नाहीतच. मग कोणीतरी वाचून दाखवायचं. मित्र चांगले होते, पण परीक्षा त्यांनाही होती की! "आज नको रे, उद्या बसू" हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. जेवणाच्या सुट्टीत मी वाचायचे. घसा बसायचा, पण वाचायचे. एकदा मला म्हणाला, "अक्का, तुमी लई झकास वाचता. पण कुटलं पान सोडायचं, कुटलं परत वाचायचं, ते मला ठरवायचंय. मला माजं मी वाचायचंय."

एवढंच मागणं होतं त्याचं. एप्रिलमध्ये शेवटची परीक्षा, आणि त्याआधी स्वतःची पुस्तकं स्वतः वाचायची. त्यासाठी तो आमच्या ग्रंथपालांच्या, प्रभुलिंग सरांच्या केबिनमध्ये इतक्या वेळा गेला की शिपाई त्याला विचारायचाही बंद झाला. दर वेळी एकच अर्ज: मराठी वाचणारं मशीन द्या.

शेवटी अनुदान आलं आणि मशीन आलं. स्टँडवर कॅमेरा, खाली पुस्तक ठेवायचं, बटन दाबायचं. मशीन पानाचा फोटो काढतं आणि मोठ्यानं वाचतं. खोकं उघडल्या उघडल्या मी आणि जोतीरामनं एक इंग्रजी पुस्तक ठेवलं. काय सुंदर वाचलं! मग मराठी ठेवलं. आधी गप्प, मग आकडे आणि इंग्रजी अक्षरांची नुसती बडबड. मी मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला, गुरूला, फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, मराठीचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागतं. तुमच्या ऑर्डरमध्ये नाही ते."

आता बोला! ज्याच्यासाठी मशीन आणलं, त्याची भाषाच ऑर्डरमध्ये नाही. मी तशीच केबिनमध्ये गेले. सर म्हणाले, "होईल की हो. आधी उद्घाटन तर होऊ द्या. मोठे साहेब येणार आहेत." माझं डोकं सणकलं. पण जोतीराम बाहेर उभा होता, भांडण करून काम बिघडायला नको म्हणून गप्प बसले.

दोन दिवसांनी सरांनीच मला बोलावलं. "एक मराठी पान तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. कंपनीला नमुना पाठवायचा आहे." मला वाटलं, चला, हालचाल सुरू झाली म्हणायची. खिडक्या लावून, पंखा बंद करून, घाम पुसत मी सोलापुरातल्या जुन्या बाजारपेठांवरचं एक पान स्वच्छ वाचून दिलं. काय खुळी मी!

उद्घाटनाच्या दिवशी फीत होती, नारळ होता, शाली होत्या, आणि 'दिव्यांगस्नेही वाचन कक्ष' असा पितळी बोर्ड होता. त्या बोर्डाला मात्र पैसे कमी पडले नव्हते. जोतीरामला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सर त्याच्या कानाशी म्हणाले, "मराठी आली बरं का. पुस्तक ठेवायचं आणि बटन दाबायचं, बस." जोतीरामनं परत परत विचारलं, "आली? खरंच आली?" "आली, आली." त्यानं लगेच तिथूनच आईला फोन लावला. "आई, आलं गं मशीन. आता कुणाला म्हणायला नगं." बाकी सगळं मी एक वेळ विसरेन. हे विसरणार नाही, आणि माफ तर मुळीच करणार नाही.

तो पुढं गेला. पुस्तक ठेवलं, चाचपून नीट केलं, बटन दाबलं. आणि स्पीकरमधून माझा आवाज आला.

मी शालींचं ताट घेऊन उभी होते. भिंतीकडेला गुरू मोबाइल धरून उभा होता, आणि मोठे साहेब कौतुकानं मान डोलावत होते. "वा! अगदी माणसासारखं वाचतंय!"

जोतीरामनं कॅमेऱ्याखालचं पुस्तक हळूच काढून घेतलं. मशीन वाचतच होतं. त्यानं स्वतःचा रिकामा तळहात कॅमेऱ्याखाली धरला. मशीननं तळहातावरून बाजारपेठांचा इतिहास पुढं वाचला. जोतीराम माइककडं तोंड करून म्हणाला, "धनलक्ष्मी अक्का, तुमी मशीनमदी कवा शिरला?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. गुरूच्या हातातून मोबाइल सटकला आणि माझा आवाज वाक्यात मधेच तुटला. "किरकोळ तांत्रिक अडचण," असं म्हणत सरांनी साहेबांना जेवणाकडं नेलं. आणि जेवले की सगळे! पोळ्या, भात, वर गुलाबजाम. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी: 'ग्रंथालयात मराठी वाचणारे यंत्र'.

मला वाटलं, लाज वाटून तरी आता सॉफ्टवेअर मागवतील. कसलं काय! त्याच आठवड्यात सर वाचन कक्षात आले, पोरं अभ्यासाला बसलेली असताना, आणि जोतीरामच्या हातात एक कागद ठेवला.

"काय हाय सर ह्ये?"

"माफीनामा. उद्घाटनात घातलेल्या गोंधळाबद्दल. टाईप करून आणलाय, तुला काही कष्ट नाहीत. खाली सही कर. नाहीतर ग्रंथालयाचा दाखला मिळणार नाही, आणि दाखल्याशिवाय हॉल तिकीट नाही."

म्हणजे बघा. आंधळ्या पोराला छापील माफीनामा! जोतीरामनं कागदावरून बोटं फिरवली. "न वाचता सही कशी करू?" असं म्हणून तो उठला, मशीनपाशी गेला, कागद कॅमेऱ्याखाली ठेवला आणि बटन दाबलं. मशीननं आकडे आणि इंग्रजी अक्षरं ओकली. सगळ्या कक्षानं ऐकलं.

सर माझ्याकडं वळले. "मॅडम, वाचून दाखवा त्याला."

"नाही वाचणार," मी म्हणाले. "मला फसवून एकदा वाचून घेतलंत, तेवढं बास झालं."

"मॅडम, तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात..."

"संपतंय. माहीत आहे मला. संपवा." भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण राग भीतीच्या वर गेला होता.

पोरांनी एव्हाना मोबाइल वर धरले होते. सरांना माघारी जाता येईना. त्यांनी कागद उचलला आणि स्वतःच वाचायला लागले. "सदर यंत्र मराठी मजकूर अस्खलितपणे वाचते. तरीही मी खोडसाळपणे..." इथं ते अडले.

"पयलं वाक्य परत वाचा की सर," जोतीराम म्हणाला. "मशीनबद्दलचं."

सरांनी कागद खाली केला.

"सर, तुमी लिवलंय त्ये खरं असंल, तर ह्यो कागद मला मशीनच वाचून दावंल. ज्या दिशी दावंल, त्या दिशी मी सही करतो. लगेच करतो. तुमच्या पाया पडून करतो." त्यानं हात पुढं केला. "द्या कागद. माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

पोरांच्या मोबाइलची भीती असेल, दाखला दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं मिळाला. माझं कंत्राटही वाढलं, तोंड बंद ठेवावं म्हणून. मी ते ठेवलेलं नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे.

सॉफ्टवेअर मात्र आलं नाही. परीक्षेपर्यंत मी आणि दोन-तीन पोरांनी जमेल तेवढं वाचून दिलं, पण नाही पुरलं. निकाल लागला. सगळे पेपर सुटले, एक राहिला. ज्याची सगळी पुस्तकं मराठीत, तोच. निकाल ऐकून मथुराबाईंनी फोनवर मला विचारलं, "बाई, ते मशीन आलं हुतं न्हवं?"

आता जोतीराम त्या एका पेपरासाठी पुन्हा येतो. आला की आधी मशीनपाशी जातो, खिशातून तो कागद काढतो, कॅमेऱ्याखाली ठेवतो आणि बटन दाबतो. मशीन बडबडतं. तो कागदाची घडी घालतो आणि मला विचारतो, "अक्का, वेळ हाय का वाचायला?"

सहीची जागा अजून कोरी आहे.