उंदरांचा उपवास

लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग दिसायला लागले त्या काळात मी तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. कच्चं सोयाबीन पोटाला का मानवत नाही, हा माझ्या अभ्यासाचा विषय. उत्तर पांढऱ्या उंदरांच्या स्वादुपिंडात होतं. कच्च्या दाण्यात एक द्रव्य असतं, ते प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवतं. रस कमी पडतोय असं समजून स्वादुपिंड जास्त रस तयार करत राहतं आणि काही आठवड्यांत फुगतं. दाणे नीट भाजले की हा त्रास जवळजवळ संपतो. हे इतरांनी आधीच दाखवलं होतं. आपल्या भागातले दाणे किती भाजले म्हणजे पुरे, एवढंच मला पाहायचं होतं.

चोवीस उंदीर होते. काहींना कच्चं सोयाबीन, काहींना अर्धवट भाजलेलं, काहींना पूर्ण भाजलेलं. त्यांचं सगळं बघायला एक मावशी होत्या, औशाहून रोज एसटीनं यायच्या. नोकरी रोजंदारीची, पण त्यांना कायम करायचा कागद वर गेला होता. त्यांच्या हातचा पिंजरा मी कधी घाण पाहिला नाही. कच्चं खाणाऱ्यांशी त्या बोलायच्या, "खा की रं! नाकं काय मुरडून राहिला, जावई हाय का तू?"

शेवटी उंदीर कापून स्वादुपिंडाचं वजन करायचं आणि त्यातले पाचक रस मोजायचे होते. त्याआधी बारा-चौदा तास पोटात काही जायला नको, कारण अन्न आत गेलं की स्वादुपिंड साठवलेला रस सोडून देतं. मग मोजणार काय? आदल्या दुपारी मी सूचनावहीत लिहिलं, ‘संध्याकाळी पाचपासून सर्व उंदरांना उपवास. पाणी चालू ठेवावे.’

सकाळी पहिल्या उंदराचं पोट उघडलं तर आत भगर आणि शेंगदाण्याचा कूट. दुसऱ्याच्याही पोटात तेच.

"मावशी, काय घातलंत यांना?"

"भगर अन् दाण्याची आमटी, सर. काल एकादस होती, डब्यात आणलीच होती जास्तीची. तुम्हीच लिवलं ना, उंदरायला उपास हाय म्हून?"

चूक कोणाची, हे मला त्याच क्षणी कळलं. आपल्याकडे उपवास म्हटला की ताटात भगर येते, साबुदाणा येतो, रताळं येतं. मला म्हणायचं होतं उपाशी.

प्रयोग वाया गेला म्हणून प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी वहीतलं ते पान फाडलं, नव्या पानावर ‘सर्व उंदीर उपाशी ठेवावेत’ असं लिहिलं आणि खुलाशात ‘लेखी सूचना असूनही’ हे शब्द घातले. प्राचार्यांनी मावशींना ते नवं पान दाखवलं. त्या बोट ठेवून ती ओळ पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. महिनाअखेरीस त्यांना काढून टाकलं.

पुढे मी प्रयोग पुन्हा केला. त्याचे निष्कर्ष बरोबर आहेत, आजही मी त्यांच्यामागे उभा राहीन. खोटं आहे ते फक्त वहीतलं पान.

निवृत्तीनंतर मी नांदेडला आलो. फाडलेलं पान टाकून द्यायचा धीर मला कधी झाला नाही. यंदा ते घेऊन औशाला गेलो. मावशी आता थकल्या आहेत, लेकीकडे असतात. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या सर. च्या घेता, का उपास हाय?"

लेक तोंडाला पदर लावून हसली. मी पान पुढे केलं आणि सगळं सांगितलं. मावशींनी एकेक अक्षर लावत ती ओळ वाचली.

"म्हंजे मी बराबर वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपल्याला वाचताच येत न्हाई. तवापासून कुणाला साधं पत्र वाचून दाखविलं न्हाई मी."

मी माफी मागितली.

"माफीचं मंग बघू. कालिजात माह्या नावानं लिवून ठिवलं ना? तसंच लिवून द्या. तोंडी नगं."

कॉलेजात मी अर्ज दिला, सोबत फाडलेल्या पानाची प्रत जोडली. आणि हे लिहिलं. इथवरचं परवा त्यांना फोनवर वाचून दाखवलं. लेकीनं फोन त्यांच्या कानाशी धरला होता. माफीचं त्यांनी अजूनही ‘मंग बघू’वरच ठेवलं.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या. "भगर शिजविलेली होती. तुमच्या सोयाबीनवानी कच्ची न्हवती. ते बी लिवा."

भगर शिजवलेली होती.