अर्धं मिनिट

शिंपीणबाई मापाच्या पक्क्या आणि जिभेच्या फटकळ. त्यांची धाकटी लेक विशेष मुलांच्या शाळेत जायची. यंदाच्या अहवालात तिच्याबद्दल एकच शेरा आला: ‘प्रश्न विचारल्यास उत्तर देत नाही.’ शिंपीणबाईंचं डोकंच फिरलं. दुकानाला कुलूप ठोकून, लेकीला, तो अहवाल आणि बटणांचा डबा घेऊन त्या थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत धडकल्या. वर्गशिक्षिकाही तिथेच होत्या.

शिंपीणबाईंनी डबा टेबलावर उपडा केला. “चिमे, चार भोकांचं निळं बटण बाईंना दे.”

पोरगी ढिम्म. वर्गशिक्षिकेला राहवेना. “निळं बटण, बाळा...”

“अहो, गप्प बसा!” शिंपीणबाई कडाडल्या. “मध्ये बोललं की तिला सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं. वर्गातही तुमचं हेच चालतं. चित्रं दाखवून विचारू नका, वस्तू हातात द्या. एकदाच विचारा आणि अर्धं मिनिट तोंड मिटून बसा. एवढंच मागतेय मी.”

मग त्यांनी लेकीला पुन्हा तेच सांगितलं. या वेळी तिघीही श्वास रोखून बसल्या. पोरीने दोन बटणं उचलली, भोकं बोटाने चाचपली आणि परत ठेवली. तिसरं, निळं बटण तिने वर्गशिक्षिकेच्या तळहातावर ठेवलं.

मुख्याध्यापिकेने शेरा खोडला. “मग इथे काय लिहू?”

“खरं तेच लिहा,” शिंपीणबाई बटणं गोळा करत म्हणाल्या. “‘आम्ही उत्तरासाठी थांबलोच नाही.’”